जुहूच्या आभाळातली गोफण

जुहूला राहणाऱ्यांना हेलिकॉप्टरचं अप्रूप नसतं. १९२८ साली सुरू झालेल्या इथल्या विमानतळावरून आता मुख्यतः हेलिकॉप्टरंच उडतात. त्यातली बरीचशी जातात ती सुमारे १६० किलोमीटरवरच्या मुंबई हायच्या तेलफलाटांकडे. एखादं उभं असलेलं कधी नीट पाहा. पाती केळीच्या पानांसारखी खाली झुकलेली असतात. ही एवढं धूड उचलणार?

गोफण आठवा. हातात लोंबणारी दोरी गरगर फिरवली की ताठ होते. समजा पातं सहा मीटर लांब, ४० किलो वजनाचं आहे आणि मिनिटाला ३५० फेरे घेतंय. त्याच्या मुळाशी बसणारी ओढ भरते सुमारे १६ टन, म्हणजे एकेका पात्याला गच्च भरलेली बस टांगल्यासारखी. पण इंजिनिअरची झोप उडते ती या ओढीने नव्हे. ती अवाढव्य असली तरी स्थिर असते, आणि तिचं गणित कॉलेजातली पोरंही करतात. छळतो तो फेऱ्यागणिक बदलणारा भार.

या पात्याचं टोक सेकंदाला २२० मीटर धावतं. हेलिकॉप्टर ताशी २५० किलोमीटरने निघालं की पुढे येणाऱ्या बाजूला त्यात ७० मीटर मिळतात, मागे जाणाऱ्या बाजूला तेवढेच वजा होतात. उचल वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. म्हणजे पात्याचा कोन तोच राहिला, तर टोकाशी एका बाजूला दुसरीच्या जवळपास पावणेचारपट उचल! यंत्र कलंडणारच. स्पेनच्या हुआन दे ला सिएर्वाने पात्याच्या मुळाशी बिजागरी बसवली आणि १९२३मध्ये त्याचं ऑटोजायरो, म्हणजे वरची पाती इंजिनाऐवजी वाऱ्याने फिरणारं विमान, उडालं. पातं वरखाली हलायला मोकळं झालं, तोल साधला. आपल्या ‘ध्रुव’ हेलिकॉप्टरमध्ये तर बिजागरीच नाही, मुळाशी लवचीक भाग वाकतो.

पण वाकणं आलं की थकवा आला. तार तोडायला पक्कड नसेल तर आपण ती मागेपुढे वाकवत राहतो, तसंच हे. जुहूहून फलाटावर जाऊन यायचं तर आपल्या या पात्याचे २७ हजारांच्या आसपास फेरे होतात, आणि दर फेऱ्याला एक हेलकावा. त्यात समुद्राची खारी हवा धातूला गंजवते आणि तड्याला सुरुवात करून देते. एप्रिल २०१६मध्ये नॉर्वेत तेलफलाटावरून परतणाऱ्या हेलिकॉप्टरचं मुख्य रोटर, म्हणजे पात्यांचा अख्खा फिरता संच, हवेतच सुटलं, १३ जण गेले. गिअरबॉक्समधल्या एका गिअरचा तडा पृष्ठभागाखालून वाढत गेला होता.

मग भार आधीच सांगता येईल का? इथे कोंबडी आधी की अंडं असा घोळ आहे. हवा पात्याला वाकवते, पिळते. आणि पिळलेल्या पात्यावर हवा वेगळीच वागते. शिवाय आधीच्या पात्याने मागे सोडलेले भोवरे आहेतच. १९९३-९४मध्ये अमेरिकेत ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरच्या एका पात्यात २४२ दाबमापक बसवून उड्डाणं केली गेली. वेगात जाताना पुढे येणाऱ्या पात्याच्या टोकाशी हवा ते उचलण्याऐवजी खाली दाबते, हे मोजमापात स्वच्छ दिसलं. तेव्हाची गणितं मात्र हा दाब कधी येतो तेच चुकवत होती. साधारण २००४च्या सुमारास हवेचं गणित आणि पात्याच्या लवचिकतेचं गणित एकमेकांना उत्तरं देत पुन्हापुन्हा सोडवलं, तेव्हा कुठे मेळ बसला.

हे आकडे शेवटी पोचतात देखभालीच्या वहीत. रोटरच्या डोक्यातल्या कित्येक भागांना तासांची मर्यादा ठरलेली असते. ती भरली की भाग काढायचा, वरून कितीही नवाकोरा दिसत असला तरी.