टनांचा हिशेब: स्टॅलिनग्राड, इंफाळ आणि युद्धानंतरची उधारी

दुसऱ्या महायुद्धाला कलाटणी कुठे मिळाली असं विचारलं की मिडवे, एल अलामीन, स्टॅलिनग्राड ही नावं ओळीने येतात. तारखाही अनेकांना पाठ असतात. पण कलाटणी का मिळाली हे तारखांवरून कळत नाही. त्यासाठी सैन्याला रोज किती टन माल लागतो आणि प्रत्यक्षात किती पोचतो, हा कंटाळवाणा आकडा बघावा लागतो. वेढ्यात सापडलेली फौज फक्त विमानांच्या जोरावर जगवता येईल का, हा प्रश्न या युद्धात दोन ठिकाणी फार मोठ्या प्रमाणावर सोडवायची वेळ आली. नोव्हेंबर १९४२ मध्ये स्टॅलिनग्राडला तो सुटला नाही. सोळा महिन्यांनी इंफाळला सुटला.

वेढ्यातली सहावी फौज

२२ जून १९४१ ला जर्मनी रशियात घुसली तेव्हा तिच्याबरोबर सहा लाखांवर घोडे होते. ही यांत्रिक फौज म्हणून गाजली, पण रेल्वेच्या शेवटच्या स्टेशनापुढे तिचा बराच माल घोडागाडीनेच जात होता. त्यातच रशियाचे रूळ १,५२४ मिलिमीटर रुंदीचे आणि जर्मनीचे १,४३५. जिंकलेल्या प्रत्येक मार्गावर एकेक रूळ उखडून आत सरकवावा लागे. स्टॅलिनग्राडला पोचेपर्यंत ही रसदेची दोरी ताणून ताणून तुटायला आली होती.

१९ नोव्हेंबर १९४२ ला सोव्हिएत सैन्याने शहराच्या वायव्येकडून आणि दुसऱ्या दिवशी दक्षिणेकडून मुसंडी मारली. २३ तारखेला दोन्ही टोकं जुळली आणि जर्मन सेनापती पाउलसच्या सहाव्या फौजेसह अडीच लाखांहून जास्त माणसं आत अडकली. फौजेने दिवसाला ७५० टन मागितले, मग ५०० वर तडजोड झाली. जर्मन विमानदलाचा प्रमुख गोरिंगने तेवढं पोचवू, असा शब्द दिला. त्यामागे एक उदाहरण होतं. त्याच वर्षी देम्यान्स्कला वेढलेले सुमारे एक लाख सैनिक रोज ३०० टनांच्या आसपास माल टाकून महिनोन्महिने तगवले होते. पण तिथे माणसं निम्म्याहून कमी होती आणि तेव्हा सोव्हिएत विमानदल आडवं यायच्या अवस्थेत नव्हतं.

हिशेब कागदावरच फसत होता. युंकर्स ५२ हे मालवाहू विमान साधारण दोन टन वाहायचं. म्हणजे ५०० टनांना रोज अडीचशे फेऱ्या सुखरूप उतरायला हव्यात. थंडीत इंजिनातलं तेल गोठतं, सुरू करण्याआधी इंजिन तासन्‌तास तापवावं लागतं. त्यामुळे ताफ्यातली जेमतेम एक तृतीयांश विमानं उडण्याजोगी असत. अडीचशे विमानं रोज उडवायची तर हाताशी साडेसातशे हवीत. जर्मनीकडे या जातीची सगळी मिळून जवळपास तेवढीच होती आणि ती सगळी रशियात नव्हती. ८ नोव्हेंबरला अमेरिकन आणि ब्रिटिश फौजा मोरोक्को-अल्जिरियात उतरल्या होत्या, म्हणून बरीचशी ट्युनिसियाला माल नेण्यात गुंतली होती. भूमध्य समुद्रावरची घडामोड व्होल्गाकाठच्या सैनिकाच्या पावावर आली ती अशी.

बाकीचं नेहमीप्रमाणे बिघडत गेलं. वेढ्याच्या आत रात्री उतरायची सोय फक्त पितोम्निकच्या धावपट्टीवर होती. २४ डिसेंबरला बाहेरचा मुख्य तळ तात्सिन्स्काया सोव्हिएत रणगाड्यांनी गाठला, तेव्हा उरलेल्या विमानांना आणखी लांबून उडावं लागलं आणि एका विमानाच्या दिवसातल्या फेऱ्या घटल्या. १६ जानेवारीला पितोम्निक पडलं, पाठोपाठ गुमराक. त्यानंतर माल वरून टाकायचा आणि तो बर्फात उपाशी माणसांनी शोधायचा. सगळ्यात चांगल्या दिवशी, १९ डिसेंबरला, २८९ टन पोचले. सरासरी ११७ टनांच्या आसपास राहिली. २ फेब्रुवारी १९४३ ला शेवटची तुकडी शरण आली. सुमारे ९१ हजार कैदी झाले, त्यातले पाच-सहा हजारच मायदेशी परतले. जर्मनीची ४८८ विमानं या कामात गेली.

जहाजांची ओढाताण

त्याच काळात अटलांटिकवर दुसरा हिशेब चालू होता. मार्च १९४३ मध्ये एकमेकांजवळून चाललेल्या दोनच काफिल्यांतली २२ जहाजं पाणबुड्यांनी बुडवली. मे महिन्यात चाळिसाहून अधिक जर्मन पाणबुड्या बुडाल्या आणि २४ मेला जर्मन नौदलप्रमुख डोनिट्झने बाकीच्या उत्तर अटलांटिकमधून मागे बोलावल्या. दहा सेंटिमीटर लहरीचं रडार, लांब पल्ल्याची लिबरेटर विमानं, काफिल्याबरोबर चालणारी छोटी विमानवाहू जहाजं आणि उकललेली सांकेतिक लिपी हे सगळं त्या वसंतात एकाच वेळी जागेवर आलं. एकट्या यंत्राला श्रेय देणारी वर्णनं अपुरी आहेत.

या ओढाताणीची किंमत बंगालने मोजली, आणि ती पाठ्यपुस्तकात वेगळ्या धड्यात येते. मार्च १९४२ मध्ये रंगून पडलं आणि ब्रह्मदेशचा तांदूळ थांबला. जपान्यांच्या हाती लागू नयेत म्हणून बंगालच्या किनारपट्टीतल्या हजारो नावा सरकारने काढून घेतल्या. तिथे नाव नाही म्हणजे धान्य बाजारात जायला वाटच नाही. ऑक्टोबरमध्ये मिदनापूरला चक्रीवादळ झालं. त्यातच जानेवारी १९४३ मध्ये लंडनने हिंदी महासागरातल्या जहाजफेऱ्या निम्म्याहून कमी करून ती जहाजं अटलांटिककडे वळवली. या सगळ्यातून पडलेल्या दुष्काळाच्या बळींचा आकडा चौकशी आयोगाने १५ लाख धरला, नंतरच्या अभ्यासकांचे अंदाज ३० लाखांपर्यंत जातात. त्याच वर्षी मे महिन्यात मुंबईत रेशनिंग सुरू झालं.

इंफाळ

मार्च १९४४ मध्ये जपानी सेनापती मुतागुचीच्या तीन डिव्हिजन, साधारण ८५ हजार माणसं, ब्रह्मदेशातली चिंदविन नदी ओलांडून मणिपूरकडे निघाल्या. सोबत तीन आठवड्यांचा शिधा आणि कापून खाण्यासाठी गुरांचे कळप. गुरं नदीत वाहून गेली, डोंगरात कोसळली. बाकीचं धान्य इंफाळच्या ब्रिटिश कोठारांतून मिळणार, हे योजनेतच गृहीत धरलेलं होतं.

कोहिमाच्या वाटेवर सांगशाकला त्यांना पहिला अडथळा आला. पन्नासावी हिंदी पॅराशूट ब्रिगेड आणि तिला जोडलेली पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी पलटण तिथे २१ ते २६ मार्च लढली. टेकडीवर पाणी नव्हतं. तीन फुटांखाली कातळ लागायचा, त्यामुळे धड खंदक खणता येईनात. जागा इतकी चिंचोळी, की विमानांनी टाकलेल्या पॅराशूटमधली बरीच जपान्यांच्या हद्दीत जाऊन पडली. ब्रिगेड मोडली, पण कोहिमाकडे निघालेल्या सैन्याचे सुमारे सहा दिवस गेले आणि तेवढ्यात कोहिमाला कुमक आणता आली. विमानाने रसद पुरवणं कुठे फसतं, हेही सांगशाकने दाखवलं: धावपट्टी नसेल आणि वेढा गळ्याशी आलेला असेल तर टाकलेला माल शत्रूच खातो.

इंफाळची गोष्ट वेगळी होती. मार्चअखेरीस कोहिमाचा रस्ता तुटला तेव्हा खोऱ्यात सुमारे दीड लाख माणसं होती. पण मैदान मोठं होतं आणि आत सहा धावपट्ट्या होत्या. त्यातल्या इंफाळ आणि पालेलच्या पावसाळ्यातही चालणाऱ्या होत्या. ब्रिटिश सेनापती स्लिमच्या चौदाव्या फौजेने पहिलं काम केलं ते तोंडं कमी करण्याचं. मजूर, कारकून, दवाखान्यातले रुग्ण असे सुमारे ४३ हजार बिगरलढाऊ लोक परतीच्या रिकाम्या विमानांतून बाहेर काढले. शिल्लक राहिलेल्यांचा शिधा कापला. ब्रह्मदेशाच्या किनाऱ्यावरच्या आराकानमधली पाचवी हिंदी डिव्हिजन तोफा-खेचरांसह विमानाने उचलून या आघाडीवर आणली. विमानं कमी पडत होती, तेव्हा माउंटबॅटनने चीनला हिमालयावरून माल नेणाऱ्या अमेरिकन ताफ्यातली वीस मोठी 'कमांडो' मालवाहू विमानं वळवून घेतली. एक कमांडो म्हणजे इथे नेहमी वापरल्या जाणाऱ्या दीड 'डाकोटा' विमानांएवढा माल.

सिल्हेट-आगरतळ्याहून इंफाळ दोनशे ते तीनशे किलोमीटर. तात्सिन्स्कायाहून पितोम्निकही साधारण तेवढंच. तेव्हा फरक अंतराचा नव्हता. आकाश कोणाचं होतं, हा होता. १९४४ पर्यंत जपानी विमानदल या आघाडीवर खिळखिळं झालं होतं, आणि बिनसंरक्षणाची डाकोटा दिवसाढवळ्या उतरू शकत होती. जूनअखेरपर्यंत सुमारे १९ हजार टन माल आणि १२ हजारांवर ताजे सैनिक आत आले, १३ हजार जखमी बाहेर गेले. या मालात चार कोटींहून अधिक सिगारेटी आणि टपालाच्या १,२०० पिशव्या होत्या. ज्या वेढ्यात सिगारेट पोचते, तो वेढा आवळला गेलेला नाही, असं खुशाल समजावं.

विमानांना लागणारं पेट्रोल मात्र जमिनीवरूनच यायचं. कलकत्त्याहून ब्रॉडगेजने पार्वतीपूर, तिथे सगळा माल उतरवून मीटरगेजवर, पुढे पांडूला ब्रह्मपुत्रेवर डबे नावेत चढवायचे. चहाच्या मळ्यांसाठी बांधलेला हा मार्ग युद्धाआधी दिवसाला ६०० टन वाहायचा. १ मार्च १९४४ पासून त्याचा आठशेएक मैलांचा पट्टा अमेरिकन रेल्वे-सैनिकांनी चालवायला घेतला आणि वर्षअखेरपर्यंत क्षमता चार हजार टनांच्या वर गेली.

२२ जूनला रस्ता मोकळा झाला. जपान्यांचे सुमारे तीस हजार मेले, त्यातले बहुतेक भुकेने, हगवणीने आणि मलेरियाने. १४ एप्रिलला मणिपूरमधल्या मोइरांगला तिरंगा लावणाऱ्या आझाद हिंद सेनेच्या सैनिकांचीही परतताना तीच गत झाली.

त्याच १४ एप्रिलला दुपारी मुंबईत व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकीन' हे जहाज पेटलं. सुमारे १,४०० टन दारूगोळा आणि कराचीत भरलेल्या ८,७०० कापसाच्या गाठी एकाच जहाजात, एकाच खणात खाली कापूस आणि वर स्फोटकं. दोनच्या सुमारास धूर दिसला. बंबांचं पाणी आत साचलं तसा जळता कापूस तरंगत वर, स्फोटकांच्या मजल्याकडे आला. डॉकमध्ये पाणी उथळ, त्यामुळे जहाज बुडवूनही टाकता येईना. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाने दुसरा. अग्निशमन दलाचे ६६ जवान त्यात गेले. देशभर १४ एप्रिलपासून पाळला जाणारा अग्निशमन सेवा सप्ताह त्यांच्या स्मरणार्थ आहे.

बिल कोणाच्या नावावर

हे सगळं उधारीवर चाललं होतं. १९३९-४० च्या करारानुसार भारताने आपला शांतताकाळातला लष्करी खर्च, खास भारताच्या संरक्षणाचा खर्च आणि बाहेरच्या मोहिमांसाठी एक ठरावीक रक्कम भरायची, वरचं ब्रिटनने. पण ब्रिटन माल किंवा सोनं देत नव्हतं. लंडनमध्ये रिझर्व्ह बँकेच्या नावावर पौंड जमा व्हायचे, आणि त्यांच्या आधारावर बँक इथे रुपयाच्या नोटा छापून ठेकेदारांना, गिरण्यांना, रेल्वेला पैसे द्यायची. चलनातल्या नोटा युद्धापूर्वी १८० कोटींच्या आसपास होत्या, युद्ध संपता संपता ११०० कोटींच्या पुढे गेल्या. तेवढा माल बाजारात नव्हता. घाऊक भाव जवळपास अडीचपट झाले. म्हणजे बिल ब्रिटनच्या नावावर लिहिलं गेलं, आणि त्या घडीला ते भरलं सामान्य गिऱ्हाइकाने.

१९४६ पर्यंत जुनं बाह्य कर्ज बहुतेक फेडून वर सुमारे १३० कोटी पौंड, एका पौंडाला तेरा रुपये पाच आणे चार पै या दराने जवळपास १,७३३ कोटी रुपये, भारताचे लंडनकडे येणे निघाले. जुलै १९४४ मध्ये युद्धानंतरची चलनव्यवस्था ठरवायला अमेरिकेत ब्रेटन वूड्सला ४४ देश जमले तेव्हा भारताच्या शिष्टमंडळात रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, महाडजवळच्या नाते गावचे चिंतामणराव देशमुख होते. आर. के. षण्मुखम चेट्टी आणि ए. डी. श्रॉफही होते. या शिलकीतला काही भाग तरी नव्या नाणेनिधीमार्फत इतर चलनांत बदलून मिळावा, अशी त्यांची मागणी होती. ब्रिटन आणि अमेरिकेने ती मान्य केली नाही. हा दोन देशांमधला हिशेब आहे, तो सन्मानाने मिटवू, असं ब्रिटिश अर्थतज्ज्ञ केन्सचं उत्तर होतं.

तो मिटला हप्त्याहप्त्याने. १५ जुलै १९४७ ला पौंड डॉलरमध्ये बदलून घ्यायला खुला झाला आणि पाचच आठवड्यांत, २० ऑगस्टला, पुन्हा बंद करावा लागला. १९४८ च्या करारात ब्रिटिश सैन्याने इथे मागे सोडलेलं सामान आणि बांधकामं भारताने याच शिलकीतून १० कोटी पौंडांना विकत घेतली. इंग्रज अधिकाऱ्यांच्या पेन्शनचा बंदोबस्तही त्यातूनच केला. सप्टेंबर १९४९ मध्ये पौंडाचं अवमूल्यन झालं, रुपयाही त्याबरोबर उतरला आणि उरलेल्या शिलकीने डॉलरमध्ये मिळणारा माल तीस टक्क्यांनी आटला.

उरलेला पैसा दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या यंत्रसामग्रीत झपाट्याने संपला. देशमुख तेव्हा अर्थमंत्री नव्हते. मुंबईच्या प्रश्नावरून त्यांनी १९५६ मध्येच राजीनामा दिला होता. ऑगस्ट १९५८ मध्ये भारताला परकीय चलन कसं पुरवायचं यासाठी जागतिक बँकेने वॉशिंग्टनला धनको देशांची बैठक बोलावली. पाच देश आले: अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, पश्चिम जर्मनी आणि जपान.