गोदेच्या गाळाचा हिशेब

पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की नाशिककर गोदाकाठी जमतात आणि पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला, कमरेला की छातीला पाणी लागले, यावरून पुराचे मोजमाप करतात. काठावरच्या नारोशंकर मंदिराच्या घंटेपर्यंत पाणी चढले म्हणजे महापूर, ही त्याहून जुनी खूण. मात्र त्या गढूळ पाण्याबरोबर किती माती चालली आहे आणि ती कोठवर पोचणार आहे, याची चौकशी फारसे कोणी करत नाही.

ब्रह्मगिरीपासून अरबी समुद्र जेमतेम ८० किलोमीटरवर असला, तरी गोदावरी त्याच्याकडे पाठ फिरवून पूर्वेला १,४६५ किलोमीटर चालत जाते आणि आंध्र प्रदेशात धवळेश्वरमच्या बंधाऱ्याखाली गौतमी व वसिष्ठ या शाखांत विभागून बंगालच्या उपसागराला मिळते. त्र्यंबकच्या गौतम ऋषींचे नाव तिने समुद्रापर्यंत नेले आहे. नावाबरोबर तिने हजारो वर्षे मातीही नेली. तिच्या खोऱ्याच्या जवळजवळ निम्म्या भागाखाली दख्खनचा काळा बेसाल्ट आहे आणि त्याची झीज होऊन तयार झालेली माती कोनसीमेच्या नारळी बागांखालच्या त्रिभुज प्रदेशात मिसळलेली आहे.

असा प्रदेश कधीच पुरा झालेला नसतो. ओल्या गाळाचे थर स्वतःच्या वजनाने दबतात, त्यांतले पाणी निघून जाते आणि जमीन हळूहळू खचते. लाटा किनारा कुरतडत राहतात. दरवर्षीच्या पुरातला नवा गाळ ही दोन्ही नुकसाने भरून काढतो. ही भरपाई आटली की समुद्र पुढे सरकतो. त्यातच १९०१ ते २०१८ या काळात जगातील समुद्रांची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटरने वाढली असून, २००६ नंतर हा वेग वर्षाला ३.७ मिलिमीटरच्या आसपास पोचला आहे.

भरपाई कोठे अडली, याचे उत्तर शोधायला नाशिकबाहेर जाण्याचीही गरज नाही. गंगापूर धरणाची मूळ साठवणक्षमता सुमारे ७,२०० दशलक्ष घनफूट होती, ती गाळामुळे ५,६३० वर आली आहे. नांदूरमध्यमेश्वरच्या बंधाऱ्यामागे इतका गाळ साचला की तेथे पाणथळ जागा निर्माण झाली, पक्षी आले आणि २०२० मध्ये ते महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरले. आपल्याला लाभलेले हे पक्षीतीर्थ समुद्राकाठच्या तोट्यातून उभे राहिले आहे, असे म्हटले तर ते अगदीच वावगे ठरणार नाही. पुढे जायकवाडी आणि तेलंगणातील श्रीरामसागर यांच्या विस्तीर्ण जलाशयांत प्रवाह संथावतो आणि त्याने आणलेला बराचसा गाळ तळाशी बसतो.

खचलेल्या जमिनीवर चक्रीवादळ आले की काही सेंटिमीटरांनाही मोल येते. हवेचा दाब एक हेक्टोपास्कलने उतरला तर समुद्राची पातळी साधारण एक सेंटिमीटर वर येते. पण वादळी लाटेचा मोठा भाग वाऱ्याने उथळ किनाऱ्यावर रेटलेल्या पाण्याचा असतो, आणि किनारा जितका सखल तितके ते पाणी आत शिरते. ६ नोव्हेंबर १९९६ च्या काकिनाड्याजवळील वादळात हजारांहून अधिक माणसे दगावली. आज वादळाचा इशारा काही दिवस आधी मिळतो आणि लोकांना हलवता येते, परंतु जमीन हलवता येत नाही. काकिनाड्याच्या उत्तरेस उप्पाड येथे बांधलेल्या संरक्षक भिंतीला लाटांनी भगदाडे पाडली. भिंतीवर आपटून परतणारी लाट पायथ्याची वाळू उपसून नेते, ही अशा भिंतींची सर्वत्र आढळणारी अडचण आहे. काकिनाड्याजवळचे कोरिंगाचे कांदळवन लाटेचा जोर मोडते खरे, पण तिवरांनाही मुळे रोवायला गाळच हवा.

पीत नदीवर चीनने २००२ पासून ठरावीक काळात धरणांतून मोठे विसर्ग सोडून गाळ समुद्राकडे ढकलण्याचा प्रयोग चालवला आहे. आपल्याकडे तो जसाच्या तसा उचलता येणार नाही, कारण सांडव्याचे उंचावरचे दरवाजे उघडले की बहुतेक वरचे निवळलेले पाणीच बाहेर पडते, आणि जुन्या मातीच्या धरणांना तळाशी नवी दारे पाडणे जोखमीचे आहे. उपसलेला गाळ शेतात टाकण्याची आपली योजना शिवाराला उपकारक असली, तरी त्याने धरण रिकामे होते, किनारा भरत नाही. नाशिक आणि मराठवाडा यांच्यात पाण्याच्या समन्यायी वाटपावरून टीएमसी-टीएमसीचा (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट) वाद घातला जातो. त्याच काटेकोरपणे प्रत्येक विसर्गात क्युसेकच्या (सेकंदाला घनफूट) आकड्याशेजारी गाळाचे वजनही नोंदवले, तर कोणते धरण किती माती रोखते याची निदान वर्षागणिक मांडणी करता येईल, आणि तळाची दारे ठेवायची की नाही हा निर्णय नव्या बंधाऱ्यांच्या आराखड्यातच घेता येईल.