लांब पल्ल्याची ट्रकवाहतूक, भारतातील : चालकवर्ग व व्यवसायसंस्कृती

एका राज्यातून दुसऱ्या राज्यात शेकडो किंवा हजारो किलोमीटर माल वाहून नेणाऱ्या अवजड वाहनांवरील चालक व त्यांचे साहाय्यक, त्यांची कामाची रीत, मोबदला आणि प्रवासातील राहणीमान यांचा विचार या नोंदीत केला आहे. देशांतर्गत मालवाहतुकीपैकी सुमारे ७० टक्के माल रस्त्याने जातो आणि त्यासाठी सुमारे ४० लाख ट्रक धावतात, असे नीती आयोगाच्या २०२२ मधील अहवालात म्हटले आहे. व्यवसायाचा आवाका एवढा मोठा असला तरी त्याची मालकी विखुरलेली आहे. बहुतेक मालकांकडे एक ते पाच गाड्या असतात आणि ते भाड्यासाठी दलालांवर व मोठ्या वाहतूक कंपन्यांवर अवलंबून असतात. दरांच्या घासाघीसीत मालकाच्या हाती फारसे काही उरत नाही. त्याची झळ शेवटी चालकाला बसते, ती कधी कमी पगाराच्या, कधी लांबलेल्या तासांच्या, तर कधी गाडीवरील माणसे कमी करण्याच्या रूपाने. या व्यवसायातील गेल्या तीन-चार दशकांतील बदल समजून घ्यायचे असतील, तर केबिनमध्ये किती माणसे बसत होती आणि आता किती बसतात, येथून सुरुवात करणे सोयीचे ठरते.

लोहमार्ग येण्यापूर्वी दख्खनमधील मीठ आणि धान्य यांची दूरची ने-आण लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवरून करीत. पुढे ते काम रेल्वेने घेतले आणि मोटारगाड्यांच्या वाट्याला प्रामुख्याने जवळची वाहतूक उरली. स्वातंत्र्यानंतर हे चित्र पालटले. टाटांच्या टेल्को कंपनीने जर्मनीच्या डायमलर-बेंझच्या सहकार्याने १९५४ मध्ये जमशेदपूर येथे ट्रक बनवण्यास सुरुवात केली, तर मद्रासच्या अशोक मोटर्सची १९५५ मध्ये अशोक लेलँड झाली. याच काळात फाळणीमुळे विस्थापित झालेल्या पंजाबी कुटुंबांपैकी अनेकांनी वाहतुकीचा धंदा धरला. शेतजमीन गमावलेल्यांना थोड्या भांडवलावर आणि नातलगांच्या जामिनावर उभा राहणारा हा धंदा जवळचा वाटला. मुंबई–आग्रा महामार्गावरील पंजाबी ढाबे, वडाळ्याचा ट्रक टर्मिनल आणि नवी मुंबईतील कळंबोलीच्या लोखंड-पोलाद बाजाराभोवतीची ट्रकवस्ती यांत या पिढीचा ठसा आजही दिसतो. न्हावा शेवा बंदर १९८९ मध्ये सुरू झाल्यावर उत्तरेकडून येणाऱ्या गाड्यांचा ओघ रायगड जिल्ह्याकडे वळला आणि भिवंडीच्या गोदामांनी त्यात पुढे मोठी भर घातली.

जुन्या पद्धतीत लांबच्या गाडीवर बहुधा तीन माणसे असत : मुख्य चालक, जोडचालक आणि क्लीनर. खेड्यापाड्यांत ‘किन्नर’ म्हणून ओळखला जाणारा हा क्लीनर बहुतेक वेळा चालकाच्याच गावचा किंवा नात्यातला पोरगा असे. तो चालकाला ‘उस्ताद’ म्हणे आणि पगार जवळजवळ न घेता, जेवणखाण व कपडालत्ता यांवर काही वर्षे राबे. लोखंडी टॉमीने टायरवर ठोका मारून आवाजावरून हवा ओळखणे, पाऊस येण्याआधी ताडपत्री ओढून रस्सा आवळणे, घाटात गाडी मागे सरू लागताच उडी मारून चाकाखाली दगड लावणे आणि गाडी मागे घेताना डाव्या अंगाला उभे राहून पत्र्यावर हात मारीत ‘येऊ द्या’ म्हणणे, ही त्याची कामे असत. रात्री मोकळ्या रस्त्यावर उस्तादाची मर्जी असली की त्याच्या हाती स्टिअरिंग येई. देशातील बहुसंख्य ट्रकचालक या शाळेत घडले. प्रशिक्षणसंस्थांचा वाटा फारच थोडा होता. या गुरु-शिष्य नात्यात मारझोड होती, फुकटचे श्रम होते आणि अल्पवयीन मुले राबत होती, त्यामुळे या पद्धतीचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तथापि तिची जागा घेणारी दुसरी व्यवस्था मोठ्या प्रमाणावर उभी राहिली नाही, हेही तितकेच खरे आहे.

कायद्यालाही केबिनमधील दुसरा माणूस अभिप्रेत होता. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील ९० व्या नियमानुसार राष्ट्रीय परवान्यावरील वाहनावर किमान दोन चालक असणे आणि चालकाच्या आसनामागे दुसऱ्या चालकाला आडवे होऊन झोपता येईल असे पूर्ण रुंदीचे आसन असणे आवश्यक होते. ही अट कागदावर पाळली जाई आणि रस्त्यावर बऱ्याचदा मोडली जाई. २०१८ मध्ये दोन चालकांची सक्तीच काढून टाकण्यात आली. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये अवजड वाहनांची अनुज्ञेय भारक्षमता सुमारे २० ते २५ टक्क्यांनी वाढवली गेली. गाडीवर माल वाढला आणि माणूस कमी झाला. पॉवर स्टिअरिंग, ट्यूबविरहित टायर आणि कमी बिघडणारी इंजिने यांमुळे क्लीनरवाचून चालू शकते, असे मालक सांगतात आणि यंत्राच्या बाबतीत ते बरोबर आहे. मात्र रात्री थांबलेल्या गाडीतील डिझेल, बॅटरी आणि माल यांची राखण आता झोपेत असलेल्या एकट्या चालकाला करावी लागते.

केबिनची कथाही याला लागून आहे. कारखान्यातून सांगाडा (चेसिस), इंजिन आणि पुढचा दर्शनी पत्रा एवढेच बाहेर पडे. उघड्या चेसिसवर तात्पुरते आसन बांधून ती शेकडो किलोमीटर चालवत नेणाऱ्या चालकांचा एक स्वतंत्र वर्गच होता. वारा, धूळ आणि पाऊस थेट अंगावर घेणाऱ्या या कामाची नोंद ट्रकसंस्कृतीवरील लेखनात क्वचित सापडते. पंजाबातील सरहिंद, तमिळनाडूतील नामक्कल परिसर अशा ठिकाणी सुतार, लोहार आणि रंगारी मिळून त्या चेसिसवर लाकडी केबिन व हौदा उभा करीत. कमळ, मोर, गाय-वासरू, नजर लागू नये म्हणून टांगलेली काळी गोंड्याची शेपटी, मागच्या फळीवर शेर किंवा ‘आई-वडिलांचा आशीर्वाद’, ही सजावट मालकाची आवड आणि रंगाऱ्याचा हात यांतून घडे. ‘हॉर्न ओके प्लीज’ या अक्षरांमुळे विनाकारण हॉर्न वाजवण्यास प्रोत्साहन मिळते, या कारणास्तव महाराष्ट्राच्या परिवहन विभागाने २०१५ मध्ये ती लिहिण्यास मनाई केली. रंगकामाला खरा धक्का मात्र कंपन्यांच्या तयार, एकसारख्या पत्र्याच्या केबिनने दिला. या केबिनी अधिक सुरक्षित आहेत, पण वर्षानुवर्षे त्यांत वातानुकूलन नव्हते आणि उन्हाळ्यात इंजिनाच्या उष्णतेने आत बसवत नसे. स्वीडनच्या व्होल्वो कंपनीने १९९८ पासून बंगळूरजवळ ट्रक बनवून वातानुकूलित केबिन भारतात आणली, तरी सर्वसाधारण मालक त्या खर्चाला तयार नव्हता. अखेरीस २०२३ च्या डिसेंबरमध्ये अधिसूचना निघाली आणि ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम व अवजड मालवाहू वाहनांना ही सोय बंधनकारक झाली. जुन्या गाड्यांना हा नियम लागू नाही आणि भारतात ट्रक दीर्घकाळ वापरले जातात.

मोबदल्याच्या रीती अनेक आहेत. ठरलेला पगार आणि वर दिवसाचा भत्ता ही एक. किलोमीटरमागे दर ही दुसरी. तर फेरीसाठी ठोक रक्कम देऊन डिझेल, जेवण आणि रस्त्यातील ‘चहापाणी’ त्यातूनच भागवायला सांगणे ही तिसरी. तिसऱ्या रीतीत जे वाचेल ते चालकाचे असल्याने तो झोप आणि जेवण यांवर काटकसर करतो. मोटार परिवहन कामगार अधिनियम, १९६१ ने दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली, लांबच्या मार्गांवर ती मंजुरीने १० व ५४ तासांपर्यंत वाढवता येत असे. परंतु हा कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या उपक्रमांना लागू होता आणि दोन-तीन गाड्यांचे मालक त्याच्या कक्षेबाहेर राहिले. सेव्हलाइफ फाउंडेशनने महिंद्राच्या सहकार्याने केलेल्या व २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत चालक दिवसाला सरासरी सुमारे १२ तास आणि ४१७ किलोमीटर गाडी चालवतात, असे आढळले. जवळजवळ निम्म्या चालकांनी थकवा किंवा झोप असतानाही गाडी चालवल्याचे सांगितले. ८४ टक्क्यांनी आपल्या घरच्यांना किंवा मित्रांना हा पेशा सुचवणार नाही असे म्हटले.

बाहेरच्यांना ट्रकचालकाचे काम म्हणजे गाडी चालवणे वाटते. प्रत्यक्षात त्याचा मोठा भाग थांबण्यात जातो. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला, राज्यांच्या सीमेवरील करनाके उठले आणि मुंबईची जकातही संपली. नाक्यांवर कागद दाखवत उभे राहण्याचे तास वाचले, हा या व्यवसायातील अलीकडचा सर्वांत स्पष्ट लाभ होय. फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झाल्याने टोलवरील रांगा घटल्या. वाचलेला वेळ मात्र चालकाच्या विश्रांतीला मिळाला नाही. तो मालाच्या घाईत विरला, कारण १ एप्रिल २०१८ पासून आंतरराज्य मालाला ई-वे बिल (माल नेण्यासाठी ऑनलाइन काढायचा कागद) लागते आणि त्याची मुदत अंतरावर ठरते. आरंभी १०० किलोमीटरला एक दिवस असे हे प्रमाण होते, २०२१ पासून ते २०० किलोमीटर झाले. उलट कारखान्याच्या किंवा गोदामाच्या फाटकाबाहेर गाडी दोन-दोन दिवस खोळंबली, तर त्या वेळेला असे घड्याळ नाही. मालकाला ‘हॉल्टिंग’चे, म्हणजे खोळंब्याचे, पैसे मिळवताना नाकी नऊ येतात आणि चालकापर्यंत ते पोचतीलच याची खात्री नसते. महाराष्ट्रात याला वाराईची जोड आहे. माल चढवण्या-उतरवण्याची हमाली गाडीवाल्याकडूनच वसूल करण्याच्या या प्रथेविरुद्ध लॉरीमालकांच्या संघटनांनी ‘ज्याचा माल, त्याचा हमाल’ अशी घोषणा देऊन वेळोवेळी आंदोलने केली आहेत. १९६९ च्या माथाडी कायद्याने हमालांना मंडळ, वेतन आणि भविष्यनिर्वाह निधी मिळवून दिला. त्याच फाटकात उभ्या असलेल्या ट्रकचालकाला तशी व्यवस्था लाभली नाही, ही तफावत डोळ्यांत भरणारी आहे.

ढाबा हे या जीवनाचे केंद्र होते. खाट, अंघोळीचे टाके, उधारीची वही, निरोपांची देवघेव आणि गाडीवर नजर ठेवणारा ओळखीचा मालक, हे सारे तेथे एका जेवणाच्या पैशात मिळे. प्रवेश नियंत्रित द्रुतगती मार्गांनी ही साखळी तोडली, कारण कुंपण घातलेल्या रस्त्याला ढाबा चिकटू शकत नाही. नागपूर–मुंबई समृद्धी महामार्गाचा (७०१ किमी) पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये आणि शेवटचा जून २०२५ मध्ये खुला झाला. सरळ, एकसुरी रस्त्यावरील गुंगी आणि सुविधांचा तुटवडा या तक्रारी तेथे आरंभापासून आहेत. महामार्गांवर चालकांसाठी पहिल्या टप्प्यात १,००० विश्रांतिगृहे उभारण्याची घोषणा फेब्रुवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांनी केली आणि तेल कंपन्यांच्या पंपांवर ‘अपना घर’ या नावाने काही ठिकाणी खाटा, स्नानगृहे व स्वयंपाकाची जागा उपलब्ध झाली आहे.

आरोग्याच्या संदर्भात या वर्गाकडे दीर्घकाळ एचआयव्हीचे वाहक म्हणूनच पाहिले गेले. २००३ पासूनच्या ‘आवाहन’ कार्यक्रमाने आणि महामार्गांवरील ‘खुशी’ दवाखान्यांनी तपासणी व उपचार ट्रकतळांपर्यंत नेले. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या २०१७ च्या पाहणीत लांब पल्ल्याच्या चालकांतील प्रादुर्भाव ०.८६ टक्के होता. पाठदुखी, अधू दृष्टी, मधुमेह आणि अपुरी झोप यांकडे मात्र त्या मानाने उशिरा लक्ष गेले.

चालक कोण, या प्रश्नाचे उत्तरही बदलले आहे. पंजाबातील तरुण चाकामागे बसतात ते आता कॅनडा आणि कॅलिफोर्नियाच्या रस्त्यांवर. भारतातील जागा उत्तर प्रदेश, बिहार, झारखंड, राजस्थान आणि हरियाणातील मेवात येथील चालकांनी भरली. चालकांच्या टंचाईची ओरड मालकसंघटना सातत्याने करतात. परवान्यासाठीची आठवी उत्तीर्णतेची अट २०१९ मध्ये रद्द झाली, ती काही अंशी याच दबावाने. पण तरुण मिळत नाहीत यापेक्षा ते या पगारात आणि या वागणुकीत टिकत नाहीत, असे म्हणणे अधिक रास्त ठरेल; शहरात दुचाकीवर जिन्नस पोचवणारा मुलगा रात्री घरी जातो. ही अडचण ओळखून २०१४ मध्ये गुरुग्राम येथे स्थापन झालेल्या रिव्हिगो कंपनीने ठरावीक टप्प्यांवर चालक बदलून त्याला त्याच दिवशी घरी पाठवणारी पद्धत राबवली. तिचा मालवाहतूक व्यवसाय २०२२ मध्ये महिंद्रा लॉजिस्टिक्सकडे गेला आणि लहान मालकांना ही पद्धत परवडणारी नाही. स्त्रिया या पेशात अपवादानेच आहेत. नंदुरबार येथे वाढलेल्या, कायद्याच्या पदवीधर आणि पतीच्या निधनानंतर भोपाळहून आंतरराज्य ट्रक चालवू लागलेल्या योगिता रघुवंशी हे त्यांतील सर्वांत परिचित नाव. यूट्यूबवर केबिनमधला स्वयंपाक आणि प्रवास दाखवणारे झारखंडचे राजेश रवानी यांच्यासारख्या चालकांमुळे या कामाचा एक नवा प्रेक्षकवर्गही तयार झाला आहे.

चालकांची स्वतंत्र संघटना दुबळी आहे; १९३६ पासूनची ऑल इंडिया मोटर ट्रान्सपोर्ट काँग्रेस ही मुख्यतः मालकांची. म्हणूनच जानेवारी २०२४ चा चालकांचा संप वेगळा ठरला. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(२) नुसार अपघातात मृत्यू घडवून पोलिसांना वा दंडाधिकाऱ्यांना न कळवता निघून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद करण्यात आली होती; निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दल जुन्या भारतीय दंड संहितेत दोन वर्षांची कमाल शिक्षा होती. थांबले तर जमाव मारतो आणि पळाले तर तुरुंग, असा चालकांचा सवाल होता. मनमाडजवळील पानेवाडीच्या इंधन डेपोतील टँकर थांबताच पंपांवर रांगा लागल्या. २ जानेवारीच्या रात्री केंद्रीय गृहसचिवांनी मोटर ट्रान्सपोर्ट काँग्रेसशी चर्चा करून हे कलम लागू करण्यापूर्वी विचारविनिमय करण्याचे आश्वासन दिले आणि १ जुलै २०२४ रोजी संहिता अमलात आली तेव्हा हे उपकलम तेवढे वगळण्यात आले.