पाळकांशिवाय प्रार्थना पोचत नाही?

मराठवाड्यातल्या ख्रिस्ती मंडळ्यांत (चर्चमध्ये) अजून ऐकू येतं: पाळकसाहेबांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, डोक्यावर हात ठेवल्याबिगर प्रार्थना देवापर्यंत पोचत नाही. हे खरं नाही. आजाऱ्यानं मंडळीच्या वडिलांना (पुढाऱ्यांना) बोलवावं, असं बायबलात याकोब 5:14 सांगतो. समजाचं मूळ बहुधा तिथंच. पण दोनच वचनं पुढं तो सगळ्यांनाच एकमेकांसाठी प्रार्थना करायला सांगतो, हे सोयीनं विसरलं जातं. मध्यस्थ एकच, ख्रिस्त येशू (1 तीमथ्य 2:5).

आणि लांबलचक भाषण तर मुळीच लागत नाही. लूक 18 मधल्या जकातदाराची, म्हणजे कर गोळा करणाऱ्याची, प्रार्थना एका वाक्याची, तरी नीतिमान ठरून घरी गेला तो तोच. ओटीत कापूस भरता भरता बाई पुटपुटते, "बापा, पोराचा ताप उतरू दे." झाली की प्रार्थना! पाळकसाहेब रविवारी येतील, तेव्हा तेही करतील.