बेसविच, अँड्र्यू

बेसविच, अँड्र्यू : (१९४७– ). अमेरिकन लष्करातील निवृत्त कर्नल, इतिहासकार व अमेरिकेच्या परराष्ट्र धोरणाचे टीकाकार. जन्म इलिनॉय राज्यातील नॉर्मल येथे. १९६९ मध्ये वेस्ट पॉइंट येथील लष्करी अकादमीतून पदवी घेऊन ते सैन्यात दाखल झाले व पुढच्याच वर्षी व्हिएतनामला गेले. लष्करी सेवेत असतानाच प्रिन्स्टन विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. १९९८ ते २०१४ बॉस्टन विद्यापीठात अध्यापन.

आपले डोळे फार उशिरा उघडले, असे ते स्वतःच सांगतात. चाळिशी उलटलेली, बर्लिनची भिंत नुकतीच पडलेली. ब्रँडेनबर्ग दरवाजापाशी फेरीवाले सोव्हिएत सैन्याचे गणवेश विकताना त्यांना दिसले. पूर्व जर्मनीची दुरवस्थाही त्यांनी पाहिली. ज्या शत्रूच्या धास्तीत सारी उमेद खर्ची पडली, तो आतून असा पोकळ निघाला.

इराक युद्धाला त्यांनी उघड विरोध केला, मात्र हा विरोध डावा नव्हे. ते कॅथलिक आणि परंपरावादी आहेत. पश्चिम आशियातील युद्धांचे मूळ ते अध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांच्यापाशी न थांबता अध्यक्ष जिमी कार्टर यांच्या १९८० च्या घोषणेपर्यंत मागे नेतात : इराणच्या आखातावर कोणी ताबा मिळवू पाहिला, तर अमेरिका बळाचा वापर करील. तेलाचा हव्यास नागरिकांचा, लढणारे मात्र मूठभर स्वयंसेवी सैनिक, हा त्यांचा आक्षेप. १९७३ मध्ये सक्तीची भरती थांबली आणि युद्ध सर्वसामान्य घरांच्या उंबऱ्यापासून दूर गेले. त्यांच्या लेखनातला हा भाग सर्वांत बोचरा आहे, कारण रोख सरकारपेक्षा जनतेवर आहे.

मे २००७ मध्ये त्यांचा सैन्याधिकारी मुलगा इराकमध्ये बॉम्बस्फोटात मारला गेला. बापाच्या टीकेनेच मुलाचा बळी घेतला, अशीही पत्रे आली. वडिलांनी त्यावर लिहिलेल्या लेखात शोकापेक्षा संताप अधिक आहे : सांत्वनाला आलेले सिनेटर युद्ध थांबवण्याचा विषय निघताच तो टाळत होते.

२०१९ मध्ये स्थापन झालेल्या क्विन्सी इन्स्टिट्यूट या परराष्ट्र धोरणविषयक अभ्याससंस्थेचे ते सहसंस्थापक. उदारमतवादी जॉर्ज सोरोस आणि मुक्त बाजारवादी चार्ल्स कोक या एरवी विरुद्ध टोकांच्या धनिकांनी तिला पैसा दिला. लष्करी संयमाचा आग्रह धरणाऱ्या या संस्थेतून २०२२ मध्ये, युक्रेनबाबतच्या भूमिकेवर मतभेद होऊन, काही जण बाहेर पडले. आक्रमण दुसऱ्याच देशाने केले तर काय करावे, या प्रश्नावर बेसविच यांचे लेखन त्यांनी केलेल्या अमेरिकी धोरणाच्या निदानाइतके धारदार नाही.