चेहरा किती, अंग किती: गाण्याचा व्हिडिओ मोजताना

गाण्याच्या व्हिडिओत बाईला कसे दाखवले यावर वाद पेटला की तो हटकून तिच्या कपड्यांवर येतो. मोजायला बसले की कपडे हेच सर्वांत फसवे ठरतात, गोव्यात तर जास्तच. वागातोरच्या किनाऱ्यावरच्या गाण्यात तोकडे कपडे असणारच. म्हणून पाहायचे ते हे, की त्याच शॉटमध्ये पुरुष काय घालून उभा आहे. तो पूर्ण बाह्यांच्या शर्टात आणि ती बिकिनीत असेल, तर नोंद करावी. दोघेही पोहायच्या कपड्यांत असतील, तर तो किनारा आहे, एवढेच.

चौकट अधिक खरे बोलते. मानसशास्त्रज्ञ डेन आर्चर आणि सहकाऱ्यांनी 1983 मध्ये एक सोपे गुणोत्तर मांडले: डोक्यापासून हनुवटीपर्यंतचे अंतर भागिले डोक्यापासून चित्रात दिसणाऱ्या शरीराच्या सर्वांत खालच्या टोकापर्यंतचे अंतर. पडद्यावर चेहरा 6 सेंमी आणि दिसणारे अंग 15 सेंमी असेल, तर उत्तर 0.4. नुसता चेहरा असेल तर 1, आणि चेहरा वगळून नुसती कंबर दाखवली तर 0. त्यांनी तपासलेल्या छापील चित्रांत पुरुषांचा आकडा सरासरीने वरचढ निघाला.

व्हिडिओत मात्र चित्र हलते. आवाज आधी बंद करा. ठेका चांगला असला की नजर सैल होते. व्हीएलसी प्लेअरमध्ये ‘ई’ दाबले की एकेक फ्रेम पुढे सरकते. प्रत्येक शॉटची फक्त मधली फ्रेम घेतली, तर पायांपासून वर चढत चेहऱ्यावर थांबणारा कॅमेरा हातातून निसटतो. म्हणून पहिली, मधली आणि शेवटची अशा तीन फ्रेम मोजाव्यात, आणि शॉट किती सेकंद टिकला तेही लिहावे. ध्रुवपदाला तेच शॉट पुन्हा येतात. ते धरायचे की नाही हे आधी ठरवा, निकाल बघून नव्हे.

काही जागा वेगळेच गोंधळ घालतात. खालून वर पाहणारा कॅमेरा माणसाला दरारा देतो, असे सहसा मानतात. पण पणजीतल्या फोंतायन्यास या जुन्या वस्तीतल्या सज्जात उभी असलेली नायिका रस्त्यावरून टिपली, तर तो कोन घराच्या बांधणीतून आला आहे. असे शॉट वेगळ्या रकान्यात टाकावेत. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, गाण्यात तो घुमट हे मातीचे वाद्य वाजवतो, ती नेवऱ्या (करंज्या) तळते: ‘सक्रिय की निष्क्रिय’ असे विचारले तर दोघेही सक्रिय. कुणाला कोणते काम दिले, हे लिहिल्याशिवाय फरक दिसत नाही.

मोजणारे निदान दोघे हवेत आणि त्यांनी एकमेकांचे कागद पाहता कामा नये. समजा, एखाद्या हो-नाही प्रश्नावर 100 पैकी 84 शॉटबाबत त्यांचे एकमत झाले. ऐकायला छान. पण दोघांनीही 20 शॉटनाच ‘हो’ म्हटले असेल, तर निव्वळ योगायोगानेच 68 जुळतात (0.2×0.2 + 0.8×0.8 = 0.68). उरलेल्या 32 पैकी खरी कमाई 16 (84 वजा 68), म्हणजे 0.5. मानसशास्त्रज्ञ जेकब कोहेन यांचा 1960 चा ‘कप्पा’ (ग्रीक अक्षरावरून नाव पडलेले एकमताचे माप) तो हाच, आणि आशय-विश्लेषणात, म्हणजे मजकूर किंवा चित्रे अशी मोजण्याच्या पद्धतीत, 0.8 च्या आसपास पोचावे अशी अपेक्षा असते. आकडा घसरण्याचे नेहमीचे कारण म्हणजे मोजणीच्या नियमावलीतला ‘मादक’सारखा शब्द. त्याऐवजी ‘चेहरा चौकटीबाहेर, कॅमेरा धडावर 1 सेकंदाहून जास्त’ असे लिहिले की भांडण बरेच मिटते.

गाणी यूट्यूबच्या शिफारशींतून निवडू नयेत; ती यादी तुमच्याच जुन्या आवडीनिवडीतून बनते. ठरावीक वर्षांची पूर्ण यादी करून चिठ्ठ्या टाकाव्यात. एवढे करूनही कळते ते पडद्यावर काय आहे इतकेच. पाहणाऱ्या मुलामुलींवर त्याचा काय परिणाम होतो, यासाठी चिठ्ठ्या टाकून पाडलेल्या दोन गटांना वेगवेगळे व्हिडिओ दाखवून प्रयोगच करावा लागतो.