ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगचे शिक्षण : ग्रामीण विदर्भ

माहिती आणि तिच्यावर चालणाऱ्या क्रिया ऑब्जेक्ट नावाच्या एकाच घटकात बांधून, अशा घटकांच्या परस्परव्यवहारातून अ‍ॅप उभे करण्याच्या पद्धतीला ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग म्हणतात. ऑब्जेक्ट ज्या आराखड्यावरून घडतो, तो क्लास. या कल्पनेचा उगम नॉर्वेतील ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगोर यांच्या सिम्युला या भाषेत, विशेषतः तिच्या १९६७ च्या आवृत्तीत आहे. रांगा, यंत्रे, वाहतूक अशा प्रत्यक्ष घडामोडींची नक्कल संगणकावर करता यावी, हा त्या भाषेचा मूळ हेतू होता. पुढे स्मॉलटॉक व सी प्लस प्लस या भाषांनी ती कल्पना वाढवली, आणि सन मायक्रोसिस्टिम्सने १९९५ मध्ये जाहीर केलेल्या जावा या भाषेने ती महाविद्यालयीन अभ्यासक्रमात रुजवली.

विदर्भातील तालुक्याच्या गावी बीसीए किंवा बीएस्सी करणारा विद्यार्थी बहुधा आधी सी आणि नंतर सी प्लस प्लस वा जावा शिकतो. पुस्तकांतील उदाहरणे प्राणी, वाहन, वर्तुळ आणि चौकोन यांची असतात. मांजर आणि कुत्रा वेगवेगळे आवाज काढतात एवढे कळून कोणालाही अ‍ॅप बांधता येत नाही. त्यामानाने विद्यार्थ्याच्या घरी रोज बोलला जाणारा कापसाचा हिशोब या विषयासाठी कितीतरी सकस आहे.

काट्यावर आलेल्या मालाची पावती करणारे अ‍ॅप घ्यावे. त्यात ‘शेतमाल’ हा मूळ क्लास, आणि ‘कापूस’, ‘सोयाबीन’, ‘तूर’ हे त्याचे वारस, म्हणजे त्याचे गुण आपोआप घेणारे क्लास. चुकारा, म्हणजे मालाचे देणे, किती, हा प्रश्न प्रत्येकाला एकाच नावाच्या मेथडने, म्हणजे क्लासमधील क्रियेने, विचारायचा, पण उत्तर ज्याने त्याने आपल्या नियमाने द्यायचे. सरकारी खरेदीत कापसाचा ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असला तर पूर्ण हमीभाव मिळतो, त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत प्रत्येक टक्क्यामागे भावात १ टक्का कपात होते आणि त्याहून ओला माल घेतला जात नाही. हा नियम ‘कापूस’ क्लासमध्येच राहतो. पावती छापणाऱ्या भागाला त्याची खबरही नसते. एका हाकेला अनेकांनी आपापल्या परीने ओ देण्याच्या या गुणाला बहुरूपता म्हणतात. एकदा नोंदलेले वजन बाहेरच्या कोणत्याही कोडला परस्पर बदलता येऊ नये, म्हणून ते खासगी ठेवणे याला आवेष्टन म्हणतात, आणि काट्यावर उभ्या राहिलेल्या कास्तकाराच्या मुलाला त्याचे प्रयोजन वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

खरी अडचण वारशाची. ‘कापूस हा शेतमाल आहे’ आणि ‘पावतीवर शेतकरी आहे’ या दोन्ही वाक्यांत क्रियापद ‘आहे’ हेच असल्यामुळे ‘पावती’ला ‘शेतकरी’चा वारस करून टाकण्याची चूक नवशिक्याकडून सहज होते. मराठीत हा फरक क्रियापदात दिसत नाही, तो विभक्तीत दिसतो. ‘पावतीवर’, ‘पावतीला’, ‘पावतीत’ अशी रचना आली की नाते वारशाचे नसून एका ऑब्जेक्टने दुसऱ्याला जवळ बाळगण्याचे आहे, असे समजावे.

दुसरी नेहमीची चूक आकड्यांची. जावात पूर्णांकाला पूर्णांकाने भागल्यास अपूर्णांक गळतो. १०५० किलोला १०० ने भागले की उत्तर १० येते आणि ५० किलो कापूस पावतीवरून नाहीसा होतो. क्विंटलला ७,००० रुपये भाव धरला तर ही गळती ३,५०० रुपयांची आहे. यावर अपूर्णांक साठवणारा डबल हा प्रकार वापरावा, तर ०.१ आणि ०.२ यांची बेरीज नेमकी ०.३ येत नाही. म्हणून रकमेसाठी दशांश आकडे नेमके ठेवणारा बिगडेसिमल हा जावाचा क्लास वापरतात, किंवा सगळा हिशोब रुपयांऐवजी पैशांच्या पूर्णांकातच ठेवतात.

देवनागरीचाही एक पेच आहे. ‘विदर्भ’ हा शब्द वाचणाऱ्याला तीन अक्षरांचा वाटतो, पण जावा त्याची लांबी ६ सांगते, कारण वेलांटी आणि हलन्त यांना युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरील अक्षरांच्या जागतिक संकेतपद्धतीत, स्वतंत्र संकेतांक आहेत. नाव ठरावीक लांबीवर कापून पावती छापली की शेवटचे जोडाक्षर मोडू शकते.

साधनांची तंगी शिकण्याची रीतही ठरवते. अँड्रॉइड फोनची अ‍ॅप बनवण्याचे साधन असलेला अँड्रॉइड स्टुडिओ किमान ८ जीबी रॅम मागतो, त्यामुळे प्रयोगशाळेतील जुन्या संगणकावर संगणकातला नकली फोन चालवण्याऐवजी केबलने खरा फोन जोडून चाचणी घेणे सोयीचे पडते. भारनियमन आणि अधूनमधून जाणारे नेटवर्क लक्षात घेऊन नोंद आधी फोनमधील एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये लगेच साठवावी आणि नेटवर्क आल्यावर सर्व्हरवर, म्हणजे मध्यवर्ती संगणकावर, पाठवावी लागते. अशा वेळी एकाच काट्यावर दोन फोन असतील, तर दोन्हीकडून पावती क्रमांक ४१ तयार होतो आणि सर्व्हरवर पोचल्यावर एक नोंद दुसरीला पुसून टाकते. त्यासाठी क्रमांकाच्या आधी फोनची खूण जोडतात, आणि ती जोडण्याचे काम ‘पावती’ क्लासच्या कन्स्ट्रक्टरकडे, म्हणजे ऑब्जेक्ट जन्माला येताना चालणाऱ्या कोडकडे, सोपवतात.